सीमा जवळ, कागद लांब

महोदय,

युरोपात शेजारच्या देशात मास्टर्सला जाणारे विद्यार्थी अंतर कमी म्हणून कागदपत्रांकडेही हलक्याने पाहतात. गाडी तिथेच अडते. १९६१ च्या हेग करारानुसार लागणारे अपोस्टिल, म्हणजे कागदावरची सही व शिक्का खरा असल्याचा सरकारी दाखला, पदवी देणाऱ्या देशातच मिळते. तिकडे पोहोचल्यावर धावाधाव करून उपयोग नाही. क्रमही महत्त्वाचा. आधी भाषांतर करून मग मूळ प्रतीवर अपोस्टिल घेतले, तर त्या शिक्क्यावरचा मजकूर भाषांतराबाहेर राहतो आणि भाषांतराचा खर्च पुन्हा पडू शकतो.

खरी मेख क्रेडिटमध्ये आहे. युरोपीय पद्धतीत पूर्ण वर्षाचे ६० क्रेडिट आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचा अभ्यास धरतात. त्यात तासिका, वाचन, परीक्षा सगळे आले. तीन वर्षांची पदवी १८० क्रेडिटची. त्यावर एका वर्षाचे ६० क्रेडिटचे मास्टर्स केले की बेरीज २४०. पुढे पीएचडीसाठी ३०० मागणाऱ्या विद्यापीठात हा अर्ज छाननीतच बाद होऊ शकतो. वाचलेले वर्ष मग महागात पडते! पीएचडी डोक्यात असेल तर १२० क्रेडिटचाच अभ्यासक्रम घ्यावा.

वकिली, शिक्षकी, वास्तुरचना यांसारख्या परवान्याच्या व्यवसायांत पदवीची शैक्षणिक मान्यता वेगळी आणि व्यवसायाची परवानगी वेगळी. ती मायदेशातील परवाना देणाऱ्या संस्थेकडून प्रवेशशुल्क भरण्याआधी लेखी विचारून घ्यावी. फोनवरच्या ‘चालेल’ला काही अर्थ नसतो.

– एक वाचक