सहाव्या रोपाचं नाव

ती. बाबा,
सा. नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "त्या वेगळ्या टोमॅटोला नाव काय ठेवलंस?" आणि आईचं नाव सुचवलंत. ते मला इतकं आवडलं की तेव्हा "नको" म्हणवलं नाही. पण यंदा नाव देणार नाही, आणि का ते फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहिते आहे.

बियांच्या अदलाबदलीत मला एक पुडी मिळाली होती. तिच्यावर टोमॅटोच्या वाणाचं नाव ब्रँडीवाइन, बियाणं धरल्याचं वर्ष आणि 'गुलाबी फळ, बटाट्यासारखं पान' एवढंच लिहिलं होतं. ६ बिया लावल्या, सहाही उगवल्या. तिसरं-चौथं पान आलं तेव्हा पाच रोपांच्या पानांच्या कडा सरळ होत्या, अगदी बटाट्याच्या पानासारख्या. सहाव्याचं पान मात्र नेहमीच्या टोमॅटोसारखं कातरलेलं. अशी रोपं बरेच जण तिथेच उपटून टाकतात. मला ते जमलं नाही. वेगळ्या कुंडीत लावलं आणि रोज बघत राहिले.

फळं धरली तेव्हा फरक आणखी वाढला. पाच झाडांना मोठी, चपटी, गुलाबी फळं. सहाव्याला लहान, गोल, लालभडक, आणि तीही आठवडाभर आधी पिकलेली. गुलाबी आणि लाल यांतला फरक गरात नसतो बाबा, सालीत असतो! दोघांचा गर लालच. मी दोन्हींची साल सोलून उजेडात धरली. गुलाबी फळाची साल काचेसारखी स्वच्छ निघाली, लाल फळाची पिवळसर. पिवळी साल लाल गरावर बसली की फळ लाल दिसतं, बिनरंगी साल बसली की गुलाबी.

आता हे सहावं रोप आलं कुठून? टोमॅटोचं फूल बहुतेक वेळा स्वतःच्याच परागांनी फळतं, म्हणून तर बी धरून वाण टिकवता येतो. पण बटाटा-पानाच्या जुन्या, मोठ्या फळांच्या वाणांत स्त्रीकेसराचं टोक पुष्कळदा पुंकेसरांच्या नळीबाहेर डोकावतं. तिथे मधमाशी दुसऱ्या झाडाचे पराग आणून टाकू शकते. कातरलेलं पान आणि पिवळी साल हे दोन्ही गुण प्रभावी आहेत, बटाटा-पान आणि बिनरंगी साल अप्रभावी; दोन्ही एकत्र आले की प्रभावी गुणच दिसतो, अप्रभावी दबून राहतो. म्हणजे देणाऱ्याच्या बागेत एखाद्या लाल टोमॅटोचा पराग एका फुलावर पडला असेल, तर पहिल्या पिढीत रोप नेमकं असंच दिसेल.

पण एवढ्यावर ठाम बोलता येत नाही. 'रेड ब्रँडीवाइन' नावाचा एक वेगळा, जुना वाणही आहे. त्याचं पान कातरलेलं, फळ लाल आणि तुलनेने लहान. बी वाळवताना त्याचा एक दाणा शेजारच्या ताटलीतून इकडे आला असेल, तर तेही असंच दिसेल. नुसतं झाड बघून या दोन्हींत निवाडा करणं मला शक्य नाही.

निवाडा त्याची मुलं करतील. सहाव्या झाडाच्या एका झुपक्याला कळ्या असतानाच मी बारीक जाळीची पिशवी बांधली, फळ धरल्यावर देठाला लाल दोरा बांधला. त्या फळांचंच बी धरलं आहे. पुढच्या वर्षी १६ रोपं लावायची आहेत. सगळी या सहाव्या झाडासारखीच निघाली तर दाणा मिसळला होता, म्हणजे वाण आधीचाच आणि त्याला त्याचं नाव आहे. संकर असेल तर गुण फुटतील. साधारण ९ रोपं लाल आणि कातरलेल्या पानाची, ३ लाल पण बटाटा-पानाची, ३ गुलाबी आणि कातरलेल्या पानाची, आणि एखादं पुन्हा गुलाबी, बटाटा-पानाचं. १६ रोपांत आकडे इतके चोख जुळणार नाहीत, पण एक जरी बटाटा-पान दिसलं तरी मला उत्तर मिळालं.

आता सांगा, संकराच्या पहिल्या झाडाला आईचं नाव दिलं आणि त्याचं बी दहा जणांना वाटलं, तर दहा घरी दहा वेगळी फळं लागतील आणि सगळ्यांवर आईचं नाव असेल. मला ते चालणार नाही. दर पिढीला हा मिश्रपणा निम्म्याने कमी होतो, म्हणून मनासारखं झाड निवडत सातव्या-आठव्या पिढीपर्यंत गेलं की वाण स्थिर झाला म्हणता येतं. वर्षाला एकच हंगाम मिळतो, तेव्हा हिशोब तुम्हीच करा.

दुसऱ्या प्रकारची गोष्टही घडते, आणि ती मला फार आवडते. अमेरिकेतले टोमॅटोचे अभ्यासक क्रेग लहूलियर यांना १९९० मध्ये टेनेसीतून एका बिननावाच्या जांभळ्या टोमॅटोचं बी आलं. चेरोकी लोकांकडून आलेलं बी, एवढीच त्याची ओळख सांगितली होती. त्यांनी नाव दिलं 'चेरोकी पर्पल'. १९९५ मध्ये त्यांच्याच बागेत एका झाडाला तपकिरी फळं लागली. बाकी सगळं तेच, फक्त साल बिनरंगीची पिवळी झालेली. त्याचं नाव झालं 'चेरोकी चॉकलेट'. नावातच त्याचं मूळ राहिलं. नाव असं असावं असं मला वाटतं.

पहिल्या वर्षी मीही घाई केली होती. खांद्याशी पिवळट-नारिंगी राहिलेली फळं बघून नवा प्रकार सापडला असं वहीत लिहिलं. तो कडक उन्हाचा परिणाम होता. ३० अंशांच्या बऱ्याच वर तापमान राहिलं की फळात लाल रंग नीट तयार होत नाही. पुढच्या वर्षी त्याच बियांतून साधी लाल फळं आली. तेव्हापासून एका हंगामावर, एका फळावर मी काहीच ठरवत नाही.

सध्या पुडीवर असं लिहिलंय: 'ब्रँडीवाइनच्या पुडीतून, सहावं रोप, लाल, कातरलेलं पान, झुपका झाकलेला'. मूळ पुडीतले उरलेले दाणेही जपून ठेवलेत. कोरडे आणि थंड राहिले तर चार-पाच वर्षं सहज उगवतील, आणि शंका आली की पुन्हा तिथून सुरुवात करता येईल.

बी पाकिटातून पाठवू का, असं वाटून गेलं. पण टोमॅटोचे काही विषाणू बियांवरून पसरतात, आणि प्रमाणपत्राशिवाय सीमेपार बी पाठवणं योग्य नाही. त्यामुळे फोटोच पाठवते. तुम्ही मात्र एक करा. तुमच्या यंदाच्या झाडांची पानं एकदा नीट न्याहाळा, आणि पिकलेल्या एका फळाची साल सोलून खिडकीपाशी धरा. काय दिसलं ते कळवा, झाडागणिक वेगळं लिहून.

आणि आईला सांगा, तिचं नाव मी राखून ठेवलं आहे.

तुमची,
धाकटी