‘सिग्नल फुल आहे’ हे उत्तर पुरेसे नाही

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की कोकणातील इंटरनेटच्या तक्रारी आपल्या दैनिकात दिसू लागतात. बहुतेकांचे म्हणणे ‘नेट नाही’ असे असते. माझी तक्रार थोडी वेगळी आहे: नेट असते, सिग्नलही भरपूर असतो, तरी काम होत नाही, आणि त्याचे कारण शोधायला लागणारी नोंद कोणीच ठेवत नाही.

आमच्या वाडीपर्यंत फायबर आलेली नाही. समोरच्या डोंगरावरील टॉवर आणि आमच्या छपरावरील छोटी डिश यांच्यात सुमारे सहा किलोमीटरची, ५.८ गिगाहर्ट्झवर चालणारी बिनतारी जोडणी आहे. गेल्या पावसाळ्यात मुलीच्या कार्यालयीन बैठका रोज संध्याकाळी अडखळू लागल्या. तक्रार केल्यावर सेवा देणाऱ्या कंपनीच्या मुलाने दोनच गोष्टी पाहिल्या: सिग्नल उणे ६२ डीबीएम (लहरीचा जोर मोजण्याचे एकक; आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका जोर जास्त) आणि चारपैकी चार पिंग, म्हणजे जोडणी तपासायला पाठवलेले छोटे संदेश, परत. “काका, लाइन एकदम ओके आहे, पावसामुळे होत असेल,” असे सांगून त्याने तक्रार बंद केली.

सिग्नलचा आकडा लहर किती जोरात पोहोचते एवढेच सांगतो. तिच्याबरोबर नॉइज, म्हणजे इतर लहरींचा गोंगाट, किती आला, हे सांगत नाही. खरे महत्त्व या दोहोंतील अंतराला असते. आणि पिंगची गोष्ट तर अधिकच फसवी आहे. विंडोजचे नेहमीचे पिंग अवघ्या ३२ बाइटांचे असते, तर बैठकीतील चित्र किंवा उतरवली जाणारी फाइल १५०० बाइटांपर्यंतच्या पॅकेटांतून, म्हणजे माहितीच्या गठ्ठ्यांतून, येते. लाख बिटांमागे एक बिट चुकते असे धरले, तर १२,००० बिटांच्या (एका बाइटात आठ बिट) मोठ्या पॅकेटांपैकी शंभरातली अकरा बिघडतात, पण पिंगच्या चिमुकल्या पॅकेटांतले शंभरात एखादेही बिघडेलच असे नाही. (हिशेब ढोबळ आहे, कारण प्रत्यक्षात चुका एकेकट्या न येता झुंडीने येतात.) शिवाय प्रत्येक पॅकेटाच्या शेवटी ३२ बिटांची पडताळणीची बेरीज असते, ती जुळली नाही की घेणारा रेडिओ पॅकेट मुकाट्याने टाकून देतो, पोच देत नाही, आणि पाठवणारा तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवतो. त्यामुळे वरवर काहीच हरवलेले दिसत नाही. हरवलेले सगळे विलंबाच्या रूपाने बाहेर येते, आणि बैठक मोडते ती नेमकी या विलंबाने. म्हणून पाहायला हवे ते पुन्हा पाठवलेल्या पॅकेटांचे, म्हणजे ‘रिट्राय’चे प्रमाण.

हे मोजायला नवे यंत्र लागत नाही. छपरावरच्या रेडिओतच पाठवलेली, पुन्हा पाठवलेली आणि बिघडलेली पॅकेटे यांचे आकडे चालू असतात. मात्र बहुतेक उपकरणे बंद केली की ते शून्यावर येतात. फोनवरचा पहिला सल्ला ‘राउटर बंद करून चालू करा’ हा असल्यामुळे तक्रारीबरोबर पुरावाही पुसला जातो.

मी तीन आठवडे दर दहा मिनिटांनी हे आकडे एका जुन्या संगणकावर उतरवून घेतले. धो धो पावसाच्या दुपारी रिट्राय शंभरात तीन-चार आणि नॉइज उणे ९२. कोरड्या संध्याकाळी सात ते अकरा या वेळेत सिग्नल जागच्या जागी, पण नॉइज उणे ७६ आणि रिट्राय शंभरात तीसच्या घरात. म्हणजे त्याच चॅनलवर, लहरींच्या त्याच पट्टीत, दुसऱ्या कोणाचा तरी रेडिओ बोलत होता. ५ गिगाहर्ट्झचे हे पट्टे २०१८ पासून देशात मोठ्या प्रमाणावर परवानामुक्त असल्यामुळे त्यात कोणाचीच चूक म्हणता येणार नाही. हा तक्ता पाठवल्यावर चॅनल बदलायला पाच मिनिटे लागली. त्याआधी दोन महिने गेले होते.

पावसावरचा आळ बहुधा डीटीएचवरून आलेला असावा. ती सेवा १२ गिगाहर्ट्झच्या आसपास चालते आणि मुसळधार पावसात खरोखरच जाते, ५.८ गिगाहर्ट्झवर मात्र तासाला ५० मिलिमीटर पाऊस सहा किलोमीटरभर पडला, तरी घट दोन-तीन डेसिबलच्या पलीकडे सहसा जात नाही. आयआयटी कानपूरच्या संशोधकांनी ग्रामीण भागातील दूर पल्ल्याच्या वाय-फाय जोडण्या मोजून २००६ मध्ये जे मांडले तेही असेच होते: तपासलेली जोडणी पाऊस-धुक्यात टिकून राहिली, घात केला तो इतर यंत्रणांच्या व्यत्ययाने. पावसाळ्यात खरे पाहायचे ते कनेक्टरमध्ये शिरलेले पाणी, वाऱ्याने हललेली डिश आणि मधल्या झाडांची ओली पालवी. सहा किलोमीटरच्या जोडणीला मध्यावर सरळ रेषेच्या चहूबाजूंना सुमारे नऊ मीटरपर्यंतचा पट्टा लागतो. त्याचा मोठा भाग मोकळा नसेल, तर टॉवर नुसता डोळ्यांना दिसून भागत नाही.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेले सेवागुणवत्तेचे नियम पॅकेट गळती आणि विलंब यांची दखल घेतात, हे स्वागतार्ह आहे. परंतु मोठ्या क्षेत्राच्या सरासरीत एका वाडीची संध्याकाळ दिसत नाही. बिनतारी जोडणी देणाऱ्या प्रत्येकाने सिग्नल, नॉइज, रिट्राय आणि बिघडलेली पॅकेटे यांची निदान तासागणिक नोंद ३० दिवस जपावी आणि ती ग्राहकाला पाहता यावी, एवढीच माझी मागणी आहे. ग्रामपंचायती, शाळा व प्राथमिक आरोग्य केंद्रे यांच्या जोडण्यांसाठी तर ही अट निविदेतच घालता येईल.

आपला विश्वासू,
एक वाचक, संगमेश्वर (जि. रत्नागिरी)