एसटीतल्या त्या आजींना आणि सगळ्यांनाच थँक्यू

४२ वर्षं कथक करतेय पण घुंगरांसाठी एसटीत रांगायची वेळ पहिल्यांदाच आली! नाशिकला संध्याकाळी कार्यक्रम, नवीन दोरीत ओवायला सुटी केलेली २०० घुंगरं, पिशवी फाटली आणि सगळी सीटांखाली घरंगळली, मला तर रडूच फुटलं. कंडक्टरदादांनी नारायणगाव स्टँडवर गाडी जरा जास्तच थांबवली, पोरं सीटखाली शिरली, १९७ सापडली. तिथेच चढलेल्या एक आजी, तरुणपणी तमाशाच्या फडात नाचलेल्या (नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरीच), शेजारी बसून नाशिक येईपर्यंत एकेका घुंगराला गाठ मारत राहिल्या, बोटं सुजलेली तरी. "गाठ ढिली ऱ्हायली तर पाय खोटा वाजतो बाई." कमी पडलेली तीन त्यांनी स्वतःच्या बटव्याच्या नाडीची सोडून दिली. नाव विचारायचं राहिलंच. ती तीन जरा जाड वाजतात, अजून बदलली नाहीत.