उडदावण्याच्या पुढे आमची गाडी ओढून काढणाऱ्या बाबांना

बाबा, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचंच राहिलं, आणि त्याची खरंच लाज वाटतेय, कारण दीड-दोन तास तुम्ही आमच्या गाडीत होतात, लेकीचं जावयाचं दोन्ही बैलांचं सगळं बोलणं झालं आणि नाव मात्र कोणीच विचारलं नाही. नातू राजूरला कॉलेजात आहे आणि सारखा मोबाईलमध्ये तोंड घालून असतो असं तुम्हीच म्हणालात, म्हणून त्याच्या भरवशावर लिहितेय. तो वाचून दाखवेल.

आम्ही ते पांढऱ्या गाडीवाले, ठाण्याहून भंडारदऱ्याला फिरायला आलेले. मागून एसटी हॉर्न देत आली म्हणून ह्यांनी साइड द्यायला गाडी डावीकडे घेतली आणि गवताखाली साइडपट्टी असेल असं वाटलं तिथे निघाली चांगली दोन फुटी चारी. डावीकडची दोन्ही चाकं आत, सासूबाई थेट नातवाच्या अंगावर, एसटी वळणापलीकडे गायब आणि मोबाईलला एक काडी रेंज नाही. तुम्ही बांधावर गवत कापत होतात. आलात, गाडीभोवती एक चक्कर मारलीत आणि पहिलं काय विचारलंत तर "म्हातारीला लागलं का?" गाडीचं नंतर. (म्हातारी म्हटल्याचा राग सासूबाईंना अजून आहे बरं का, पण त्यांनीच हे पत्र लिहायला लावलंय.)

मग तुम्ही चाकांखाली दगड लावले, घरून गाईचं दावं आणलंत, दुधाची पिकअप थांबवलीत. दावं पहिल्याच हिसक्याला तुटलं. "गाय बरी, तुमची गाडी लई हट्टी" असं म्हणून तुम्ही तेच दुहेरी करून गाठ मारलीत आणि तिसऱ्या झटक्याला गाडी वर. ह्यांनी पाचशेची नोट काढली तर तुम्ही हातसुद्धा पुढे केला नाही. "रतनवाडीला जाताय ना, लेकीकडं सोडा मला."

आणि बाबा, आभार मानायचेत ते खरं तर ह्याच्यापुढचे. गाडी काय, आज ना उद्या कोणीतरी काढलीच असती.

आमच्या पोराकडे त्या दिवशी लिस्ट होती. शेंडीहून निघायचं, घाटघर, साम्रद, रतनवाडी, धरणाच्या पाण्याला वळसा घालून परत शेंडी, चाळीसेक किलोमीटर, प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं आणि फोटो. सकाळी धरण असंच उरकलं होतं. 1926 साली पुरं झालं, विल्सन डॅम, अर्थात पाटी वाचून, चला पुढे. तुम्ही पुढच्या सीटवर बसलात आणि ती लिस्ट बारगळलीच. तुम्ही काचेवर बोट टेकवून अलंग, मदन, कुलंग अशी ओळीने किल्ल्यांची नावं घेत होतात, जशी आम्ही सोसायटीतल्या बिल्डिंगची घेतो. कुठल्या खाचरात काळभात आणि कुठल्यात नुसता आंबेमोहर, सोनकी पिवळी झाली की पाऊस आता परतणार, मार्चमध्ये हिरडा गोळा करायला कुठल्या रानात जायचं, वगैरे वगैरे. मी आधी फोनवर लिहून घेत होते, मग सोडून दिलं.

घाटघरच्या कड्यावर तर कमालच. आम्ही चार तास गाडी चालवून, कसारा घाट चढून, घोटीवरून वळून एवढं लांब आलो म्हणून फुशारत होतो आणि तुम्ही खाली बोट करून म्हणालात, ते काय, चोंढे, शहापूर तालुका, तुमचाच ठाणे जिल्हा! ढग फाटला तसं खाली खरंच दिसलं. तिथल्या वीज प्रकल्पाचंही तुम्ही जे सांगितलंत ते मी पोराच्या शाळेतही इतकं सोपं ऐकलं नव्हतं: रात्री विजेला गिऱ्हाईक कमी तेव्हा पंपाने पाणी खालून वर चढवायचं, दिवसा मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज करायची, 250 मेगावॉट. "पाण्याला रोज घाट चढउतार, आमच्यासारखा," तुम्ही हसून म्हणालात. हसणं थांबवून मग हेही म्हणालात की सगळ्या नगर जिल्ह्याचा पाऊस ह्या घाटघर-रतनवाडीत पडतो, प्रवरेचं पाणी खाली संगमनेर-श्रीरामपूरच्या उसाला जातं, आणि एप्रिल-मेमध्ये तुमच्या सुनेच्या डोक्यावर हंडा असतो. गाडीत कोणी काही बोललं नाही. माझ्या हातात तेव्हा बिसलेरीची बाटली होती, ती मी उगाच खाली ठेवली.

साम्रदला पोरगा सांदण दरीत उतरायचंच म्हणून हटून बसला होता. आम्ही कदाचित नेलाही असता, सगळे जातात म्हणून. तुम्ही त्याला समोर बाण सुळका दाखवत सरळ सांगितलंत की वर सरी आली तर दरीत पाणी कुठून घुसेल ते आम्हालाही कळत नाही, आता नाही, डिसेंबरात ये. माझं तो कधी इतकं ऐकत नाही.

रतनवाडीला अमृतेश्वराच्या मंदिरात तुम्ही बाहेरच थांबलात, चपला सांभाळत. गाभाऱ्यात अजून पाणी होतं. सासूबाई पुष्करणीच्या पायरीवर बराच वेळ बसून होत्या, आम्ही घाई केली नाही. मग तुमच्या लेकीने नाचणीची भाकरी आणि खुरासणीची चटणी अशी वाढली की हॉटेलात सांगून ठेवलेलं जेवण कॅन्सल. ती चटणी मी घरी दोनदा करून बघितली, दोन्ही वेळा कडू झाली. भाजण्यात काहीतरी चुकतंय, लेकीला विचारून ठेवा.

दिवाळीच्या सुट्टीत येतोय, भातकापणी चालू असेल तर हातात विळा द्या, फक्त फार अपेक्षा ठेवू नका. तुमचे आणि लेकीचे फोटो धुऊन आणतोय. आणि दावं घेतलंय नवीन, जाड, चांगलं बारा हाताचं. दुकानदाराने विचारलं गाईला का बैलाला, तर हे म्हणाले, गाडीला.

तुमची,
पांढऱ्या गाडीतली ताई