फलकावरच्या पोरांचं वय घटत चाललंय, साहेब

प्रति,
मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापुरात डिजिटल फलक छापतो. मुंबईत फ्लेक्स म्हणतात, इथं नुसतं ‘डिजिटल’ म्हटलं की कळतं. सतरा-अठरा वर्षं हाच धंदा. कुणी खासबागेत कुस्ती मारली, पाटाकडील किंवा दिलबहार तालमीनं शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा सामना जिंकला, गल्लीतली पोरगी सीए झाली, की रात्री अकराला माझा फोन वाजतो. कोल्हापूरकराला आनंद झाला की तो दहा बाय पंधराचा होतो. त्यावर माझं घर चाललं, तेव्हा त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती दुसऱ्या फलकांची, गल्लीतल्या गुंड टोळ्यांच्या. त्यात मीही वाटेकरी आहे हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पत्र वाचून कुणीतरी म्हणणारच.

तसला फलक वाचायचा कसा, ते सांगतो. वरच्या ओळीत नेत्यांचे गोल फोटो, सगळ्या पक्षांचे. नेत्यांना बहुधा विचारलेलं नसतं. पण ‘माझा फोटो काढून टाका’ म्हणून एवढ्या वर्षांत मला एकाही नेत्याचा फोन आलेला नाही, हेही खरं. मधे ज्याचा वाढदिवस तो, गॉगल लावून, मागं सिंह, डोक्यावर मुकुट. कधी वाढदिवस नसतो, कळंब्याच्या कारागृहातून जामिनावर सुटल्याचं स्वागत असतं. खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून पोस्टाच्या तिकिटाएवढे चाळीस-पन्नास चेहरे. ती टोळीची हजेरीच. कुणाचा फोटो केवढा आणि कुणाशेजारी, यावरून माझ्या दुकानात बाचाबाची झालेली आहे. गेल्या वर्षी तिसऱ्या ओळीत असलेला पोरगा यंदा पहिल्या ओळीत आला, तर मधल्या काळात त्यानं काहीतरी ‘करून दाखवलेलं’ असतं. खबऱ्यांवर खर्च करण्याआधी तुमच्या लोकांनी माझी हार्ड डिस्क चाळली तरी निम्मं काम होईल.

विनापरवाना फलक लावणाऱ्याला १९९५ च्या विद्रूपीकरणाच्या कायद्यानं तीन महिने कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड आहे. दोन हजार! सुतळी-खिळ्यांबरोबर तेही खर्चात धरतात.

एप्रिल २०१९ मध्ये इथल्या यादवनगरात मटक्याच्या अड्ड्यावर छापा पडला. परिविक्षाधीन महिला आयपीएस अधिकारी पथक घेऊन गेल्या होत्या. जमाव त्यांच्यावर तुटून पडला आणि अंगरक्षकाचं पिस्तूल हिसकावून नेलं. पोलिसांनी मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा लावला. त्यानंतर तीनेक महिने माझ्याकडं मुकुटवाला एकही फलक आला नाही. मला बरं वाटलं आणि गल्लाही बसला, दोन्ही लिहितो. मोक्का १९९९ चा, कायदा जबर आहे. जामीन सहजी मिळत नाही, दोषारोपपत्राला १८० दिवसांपर्यंत मुदत मिळते, शिक्षा झाली तर किमान पाच वर्षं. पण तो लावायला टोळीवर मागच्या दहा वर्षांत एकाहून जास्त दोषारोपपत्रं लागतात. म्हणजे तो मुरलेल्यांना धरतो. मुरलेले आत गेले. चौथ्या महिन्यात माझ्याकडं ऑर्डरी परत सुरू झाल्या. गल्ली तीच, टोळीचं नाव तेच, मधल्या चेहऱ्याला मात्र मिसरूड फुटलेलं नव्हतं.

तेव्हापासून मी वय मोजतो. धंदा सुरू केला तेव्हा मधला माणूस पस्तिशीचा असायचा. मग पंचविशीचा आला, मग विशीचा. गेल्या पावसाळ्यात एक आला त्याचा सोळावा वाढदिवस होता. ही काही आकडेवारी नाही, एका दुकानातलं मोजमाप आहे. पण मंडईत बसणारी बाई भाव चढलाय की उतरलाय हे तुमच्या खात्याच्या आधी सांगते, तसं समजा.

त्या सोळा वर्षांच्या पोराला मी हातभर होता तेव्हापासून ओळखतो. गोलकीपर होता, चांगला. बाप रिक्षा चालवतो. रिक्षाचं इंजिन उतरवायला त्यानं एका खासगी सावकाराकडून पैसे उचलले, महिना दहा टक्क्यानं. हप्ते थकले तशी वसुलीला पोरं आली आणि रिक्षा ओढून घेऊन गेली. मग गल्लीतल्या ‘भाऊ’नं मध्यस्थी केली. रिक्षा परत आली, व्याज माफ झालं आणि पोरगं गेलं. आता वसुलीला जाणाऱ्यांत तोच असतो. विनापरवाना सावकारी केली तर २०१४ च्या कायद्यानं पाच वर्षांपर्यंत कैद आहे, सावकारानं बळकावलेली जमीन-घर परत द्यायचा अधिकार जिल्हा उपनिबंधकांना आहे. पोरगं परत द्यायचं कलम त्यात नाही.

फलकाचं डिझाइन बघायला तो स्वतः आला होता. मी म्हटलं, “बाळा, हे कशाला? उद्या कायतरी झालं म्हणजे?” तो हसला. “काका, मला काय होतंय? अठराच्या आत हाय मी.” कुणीतरी त्याच्याकडून हे पाठ करून घेतलं होतं. पैसे दुसराच माणूस देऊन गेला, रोख. बिल कुणाच्या नावानं करू म्हटल्यावर म्हणाला, “बिल कशाला?”

असल्या पोरांच्या हातून खून झाला की गावात एकच ओरड होते: वय खाली आणा, मोठ्यांसारखं लटकवा. सोळा ते अठरामधल्या पोरावर अतिगंभीर गुन्ह्यात मोठ्यांसारखा खटला चालवायची सोय २०१५ च्या बाल न्याय कायद्यात आहेच. आणखी खाली आणलं तर भाऊ चौदाचा शोधेल, त्याला काय, गल्लीत पोरं कमी आहेत का. त्याच कायद्याच्या ८३ व्या कलमात दुसरं पोटकलम आहे. लहान मुलाला बेकायदा कामासाठी वापरणाऱ्या प्रौढाला, एकटा असो की टोळी, सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड. भारतीय न्याय संहितेचं ९५ वं कलम आणखी कडक: गुन्ह्यासाठी मूल वापरलं तर तीन ते दहा वर्षं, आणि त्या मुलानं गुन्हा केला तर तो त्या प्रौढानंच केला असं धरून त्याची शिक्षा वेगळी. हे मला एका वकिलानं सांगितलं, त्यांच्याकडं बार असोसिएशनच्या निवडणुकीच्या फलकाचे पैसे मागायला गेलो होतो तेव्हा. पैसे अजून यायचेत, पण कलमं पक्की आहेत.

माझं मागणं एवढंच आहे. कोल्हापूर जिल्ह्यात ज्या-ज्या गुन्ह्यात अठराच्या आतलं पोरगं सापडेल, त्यात त्याला एडका, म्हणजे ते कोयत्यासारखं हत्यार, कुणी दिला, गाडी कुणाची, फलकाचे पैसे कुणी भरले, हे तपासात लिहिलं गेलं पाहिजे आणि ही दोन कलमं त्या माणसावर लागली पाहिजेत. अशी किती प्रकरणं झाली, ते दरवर्षी आम्हाला कळलं पाहिजे. तुम्ही कोल्हापूरला येता तेव्हा आढाव्यात खून, दरोडे, तडीपार किती हे विचारलं जातं. हा आकडाही विचारा.

पैसे कुणी भरले हे सांगणार कोण, असं तुम्ही म्हणाल. मी सांगितलं होतं. एका पोलीस ठाण्यातून हवालदार आले, मी मूळ फाईल दिली, पैसे देऊन गेलेल्याचं वर्णनही सांगितलं. तिसऱ्या दिवशी दोघं दुकानात येऊन खुर्चीवर बसले. एक म्हणाला, “काका, मिशीचं वर्णन लई भारी केलासा.” मी हवालदारांशी बोललेला शब्दच त्यानं परत ऐकवला. महाराष्ट्रानं साक्षीदारांच्या संरक्षणाचा कायदा २०१७ मध्ये केला. माझ्या बाबतीत तो ठाण्याच्या दारापर्यंतही पोचला नाही. म्हणून खाली नाव लिहीत नाही. ठाण्याचंही लिहीत नाही, कारण मला त्याच्याच हद्दीत राहायचंय.

कालच एक नवीन ऑर्डर आली आहे. पंधरावा वाढदिवस, दहा बाय वीस, मागं वाघ हवाय. पोरगं स्वतः आलं नाही, फोटो मोबाईलवर आला. शाळेच्या ओळखपत्रावरचा आहे, गळ्यात टाय. मशीन बिघडलंय असं मी सांगितलंय. वाढदिवस रविवारी आहे, आणि रंकाळ्याच्या बाजूला दुसऱ्याचं मशीन चालू आहे.

आपला,
कोल्हापूरचा एक फलकवाला