एकच प्रोफाइल सगळ्या मीडियाला कसं चालेल?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मोठ्या डिजिटल प्रिंटिंगमध्ये कलर जुळला नाही की पहिलं खापर इंकवर फुटतं, मग हेडवर (मशीनचा शाई फवारणारा भाग) आणि शेवटी बिचाऱ्या डिझायनरवर. मी स्वतः मशीन चालवतो म्हणून सांगतो, बऱ्याचदा घोळ प्रोफाइलचा असतो, म्हणजे कोणता रंग आणायला कोणती शाई किती टाकायची हे मशीनला सांगणाऱ्या फाईलचा. मशीन बसवताना फ्लेक्ससाठी एक प्रोफाइल बनवून मिळतं आणि मग तेच बाकीच्या मीडियाला, म्हणजे छपाईच्या मटेरियलला: तेच विनाइलला, तेच कॅनव्हासला, तेच बॅकलिटला (मागून लाईट लावायच्या बोर्डाचं मटेरियल), चाललंय वर्षानुवर्षं.

हा शहाणपणा मीही केलाय. साध्या फ्लेक्सच्या प्रोफाइलवर बॅकलिट काढली, टेबलावर बघितली तर एकदम झकास, पण बॉक्सला लावून मागचा लाईट चालू केला आणि लाल गुलाबी झाला, काळा राखाडी. समोरून बघताना उजेड शाईतून दोनदा जातो, आत जाताना आणि परत येताना, आणि बॅकलिटमध्ये एकदाच, म्हणून तिथे शाई जास्त लागते. हे कळलं ते अख्खा रोल वाया गेल्यावर!

आयसीसी प्रोफाइल (क्रिकेटवाली आयसीसी नाही हो, 1993 मध्ये सुरू झालेलं इंटरनॅशनल कलर कन्सॉर्टियम) हे इंक, मीडिया, रिझोल्यूशन आणि पास (हेड एकाच जागेवरून किती वेळा फिरतं ते) या सगळ्यांचं मिळून असतं. 4 पासवर बनवलेलं 8 पासला लावलं तर फरक पडणारच.

आणि बनवायचं म्हणजे नुसता चार्ट (रंगीत चौकोनांचा नमुना) काढून त्यावर स्पेक्ट्रो (रंग मोजायचं यंत्र) फिरवायचा असं नाही. आधी नोझल चेक, म्हणजे हेडची शाईची छिद्रं सगळी चालू आहेत ना ते बघायचं, एक जरी नोझल बंद असेल तर पुढची मेहनत पाण्यात. मग लिनिअरायझेशन (प्रत्येक शाई फिक्यापासून गडदपर्यंत एकसारखी चढते ना ते जुळवणं) आणि इंक लिमिट (एका जागी जास्तीत जास्त किती शाई टाकायची ते). चार रंग शंभर-शंभर टक्के धरले तर 400 टक्के होतात, पण एवढी शाई विनाइलला पेलतच नाही, गडद पॅचच्या कडा फुटतात, बोट लावलं तर चिकटतं, काळ्यात थेंब थेंब साचलेले दिसतात. जिथे हे सुरू होतं त्याच्या अलीकडे थांबायचं. बरेचजण हीच पायरी गाळतात आणि मग प्रोफाइल बेकार आहे म्हणतात. त्यानंतर चार्ट, आयटी8.7/4 नावाचा ठराविक चार्ट घेतला तर 1617 चौकोन आहेत, कंटाळा येतो मान्य, पण सॉल्व्हंट इंक असेल तर रात्रभर वाळू द्या, ओल्यावर मोजलेलं रीडिंग सकाळी बदललेलं असतं. पुढे लॅमिनेशन होणार असेल तर त्यानेही रंग थोडा हलतो, तेही डोक्यात ठेवा.

आणखी एक, फोटोशॉपमध्ये फाईल मशीनच्या प्रोफाइलमध्ये कन्व्हर्ट करायची आणि रिपमध्ये (फाईल मशीनला पाठवणारं सॉफ्टवेअर) पुन्हा कन्व्हर्जन चालू ठेवायचं, असं डबल झालं की काय वाटोळं होतं ते विचारू नका. कन्व्हर्जन एकाच ठिकाणी करा. कन्व्हर्जनची पद्धत निवडताना फोटोला पर्सेप्च्युअल आणि लोगोला रिलेटिव्ह कलरिमेट्रिक, माझं तरी यावर बरं चालतं.

प्रूफ (छापून काढलेला नमुना) बघायचा तर 5000 केल्विनच्या, म्हणजे दिवसासारख्या पांढऱ्या उजेडात, कारण साध्या ट्यूबलाईटखाली छान दिसणारा ग्रे उन्हात हिरवट दिसू शकतो.

कस्टमर मंडळींनाही एक विनंती, मोबाईलचा ब्राइटनेस फुल करून "हाच कलर पाहिजे" म्हणू नका, ज्या मीडियावर काम होणार आहे त्याच्यावरचा वीतभर तुकडा आधी काढून मागा.

आपला,
एक प्रिंटिंग ऑपरेटर