कायेरु नाही, इकु

टोकियो, 26 डिसेंबर 2024

चि. ईशा,
अनेक आशीर्वाद.

दिवाळीत पुण्याहून फोनवर तू बोललीस, "बाबा, तू परत येतोयस. मला कुठे परत आणलंत तुम्ही?" तेव्हा मी हवापाण्याचं काहीतरी बोलून फोन आईकडे द्यायला सांगितला. आई म्हणाली, वय आहे तिचं, मनावर घेऊ नकोस. मी घेतलं. उद्या सकाळी नारिताहून भारताचं विमान आहे. घराच्या चाव्या काल दिल्या, आणि आज इथे टोकियोत, निशि-कासाईतच एका मित्राकडे गादी टाकून बसलोय. जपानीत लिहिलं असतं तर तू लाल पेन घेऊन बसली असतीस, म्हणून मराठीत. हळूहळू वाचलंस तरी चालेल.

आधी तुझ्या टेबलाचं सांगतो. सायोनारा सेलमध्ये फ्रीज, वॉशिंग मशीन, राइस कुकर सगळं गेलं. टेबल कुणी घेतलं नाही. म्हणजे सोदाई गोमी, मोठा कचरा. डिसेंबरात सगळा देशच घर साफ करायला काढतो, त्यामुळे मोठा कचरा उचलायची तारीख मिळता मिळेना. मिळाली तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानातून, कोंबिनीतून, दोनशे येनची आणि तीनशे येनची स्टिकरं आणली. आदल्या रात्री टेबल उलटं करून पाय काढायला बसलो, तर फळीच्या खालच्या बाजूला पेन्सिलीने, वेड्यावाकड्या हिरागाना लिपीत, "ईशाचं टेबल. हात लावू नये." पहिलीत असशील. इतकी वर्षं आम्ही त्याच टेबलावर पोळ्यांचा डबा आपटत होतो आणि खाली नोटीस लागलेली! फोटो काढला, पण तो हललाय. मग स्टिकरवर नाव लिहायचं होतं. मी सवयीने काताकानात 'जोशी' लिहिलं, आणि पेन हातात तसाच धरून जरा वेळ बसलो. कॉफी, टेबल, पार्ट-टाइम असले बाहेरून आलेले शब्द ज्या लिपीत लिहायचे, तीच आपल्या नावाची लिपी. बारा वर्षांत हे कधी खटकलं नव्हतं. कचऱ्यावर लिहिताना खटकलं.

आपल्या नावाने इथे काय काय केलंय! 'जोशि' म्हणजे मुली, 'जोऽशि' म्हणजे साहेब, आणि 'इशा' म्हणजे डॉक्टर. बाईंनी मैदानावर "जोशि!" अशी हाक मारली की तू एकटीच पळत पुढे जायचीस. मुलींची रांग मागून यायची. ऑफिसात मी नवीन असताना कुणीतरी "जोऽशि कुठे आहेत?" विचारलं आणि मी हात वर केला. साहेब माझ्या मागेच उभे.

पण त्या नावाचं तुझ्या आणि माझ्या बाबतीत एकच झालं नाही, हे मला काल कळलं. घर तपासायला आलेल्या मुलाचा फोन तुला लावून दिला होता ना, त्यावेळी. गॅसमागची भिंत पिवळी होती. नऊ वर्षांची हळद आणि फोडणी, दुसरं काय होणार. त्याने टॅब्लेटवर लिहून घेतलं आणि वॉलपेपरचे पैसे अनामतीतून जातील, असं फार अदबीने सांगितलं. सरकारी मार्गदर्शनानुसार सहा वर्षांत वॉलपेपरची किंमत एक येनवर येते, हे मी वाचून ठेवलं होतं. पण ते जपानीत बोलायला लागलो की माझं वाक्य क्रियापदापर्यंत पोचतच नाही. इथे दहा वाजले होते, तुमच्याकडे साडेसहा. तू झोपेतून उठून फोन घेतलास. स्पीकरवर तुझा आवाज आला, ते सगळं मानाचं, वळणाचं जपानी, आणि तो मुलगा ओट्यावर ठेवलेल्या फोनसमोर वाकून नमस्कार करायला लागला. पैसे त्याने फक्त चिकट तेल साफ करण्याचेच धरले. मग तो मला म्हणाला, "मुलगी कुठली, टोकियोचीच का?" तुझ्या बोलण्यावरून. मला बारा वर्षांत एकानेही हे विचारलं नाही. मला विचारायचे ते, "जपानी छान बोलता हो." याचा अर्थ तूच मला पाचवीत असताना सांगितला होतास: खरंच छान बोलणाऱ्याला कुणी असं म्हणत नाही.

तर तुझं बरोबर होतं. मी पाहुणा होतो आणि पाहुणा परत जातो. तू साडेतीन वर्षांची असताना इथे आलीस. पुणं तुझ्यासाठी मे महिन्यातले तीन आठवडे आणि आमरस. मार्चमध्ये समोरच्या आजी जिन्यात म्हणाल्या, "इंदो नि कायेरु नो?" आणि तू शांतपणे त्यांची चूक सुधारलीस: कायेरु नाही, इकु. परतणं नाही, जाणं. मी तेव्हा तुला दटावलं, मोठ्यांना असं बोलू नये म्हणून. दटावायला नको होतं.

आता कारण. तुला वाटतं नोकरीचं काहीतरी बिनसलं. तसं काही नाही. आजोबा जून 2020 मध्ये गेले, तेव्हा कोविडमुळे नियम असा होता की यादीतल्या देशात गेलेल्या परदेशी माणसाला पुन्हा जपानात यायला बंदी. मे महिन्यात भारतही त्या यादीत आला होता. आपण कर भरत होतो, तुझी शाळा इथली, पण जपानी पासपोर्ट असणारा येऊ-जाऊ शकत होता आणि आपण नाही. आजारपण, अंत्यविधी अशा कारणांना सवलत होती म्हणे, पण ती आपल्याला लागू होईल याची खात्री कोणी देईना, आणि नेहमीची विमानं बंद. मी गेलो असतो आणि बाहेर अडकलो असतो, तर इथे तुम्ही दोघी. मी गेलो नाही. आजोबांचं सगळं फोनवर पाहिलं. सप्टेंबरात बंदी उठली, पण माझ्या मनात काहीतरी मिटलं ते मिटलंच. 2022 मध्ये दहा वर्षं झाली, कायमच्या रहिवासाचे कागद छापून खणात ठेवले, आणि भरले नाहीत. आजीला इथे आणणं हा मार्गच नव्हता. ठरावीक व्हिसावर आईवडील आणता येतात, तेही घरात सात वर्षांच्या आतलं मूल असेल तर. तू तेव्हा तेरा वर्षांची होतीस. आजी एकटी. तुझ्या शाळेचं संपेपर्यंत थांबायचं, एवढंच मी ठरवलं, आणि तुला विचारलं नाही. पंधरा वर्षांच्या मुलीला काय विचारायचं, असं वाटलं. ज्या मुलीला नऊ वर्षांची असताना वॉर्ड ऑफिसात दुभाषी म्हणून उभं केलं, तिला विचारायला हवं होतं.

बाकी कामं उरकली. वॉर्ड ऑफिसात नव्या पत्त्याच्या रकान्यात नुसतं 'भारत' लिहून चाललं. 1 जानेवारीला इथे राहत असलं की पुढच्या वर्षाचा जूमिन-झेइ, म्हणजे रहिवासी कर, लागतो, म्हणून 27 तारीख. पेन्शनची एकरकमी परतफेड मला मिळत नाही, कारण दहा वर्षांच्या वर भरलं की पुढे पेन्शनच लागू होते. म्हणजे म्हातारपणी मला जपानकडून थोडे पैसे येत राहतील. याची मला उगाच गंमत वाटते.

तुला एक सांगून ठेवतो. परदेशी विद्यार्थ्यांसाठी जपानी विद्यापीठांची जी परीक्षा असते, ती भारतातही देता येते, जूनमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये. बारावीनंतर द्यायची असेल तर मी मध्ये येणार नाही. तुला 'परदेशी विद्यार्थिनी' म्हणून व्हिसा घ्यावा लागेल, हे वाचून तू चिडशील. चीड.

तुझी रांदोसेरु, शाळेची पाठपिशवी, टाकली नाही. हातातल्या सामानात घेतली आहे, आत भातावर भुरभुरायच्या फुरिकाकेची सात पाकिटं.

काल शेवटी दार ओढताना, रोजच्या सवयीने, रिकाम्या घराला मी "इत्ते किमास" म्हणालो. जाऊन येतो. आजी कुणालाही नुसतं 'जातो' म्हणू देत नाही, ते आणि हे सारखंच, हे तू बालवाडीत असताना आपल्याला सापडलं होतं. तो तपासणीवाला मुलगा मागे बूट घालत होता. वर न बघताच तो म्हणाला, "इत्तेराश्शाई." जाऊन या. मग दचकून ताठ उभा राहिला आणि दोनदा माफी मागितली.

पुण्यात पोचायला शनिवारची पहाट होईल. उठू नकोस, किल्ली आहे माझ्याकडे.

तुझा
बाबा